वृद्धसेवा केंद्रातील मुखारोग्य : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

आज प्रकल्पाला सुरुवात झाली. केंद्रातील बहुतेक निवासी ऐंशीच्या पुढचे आहेत, अनेकांना स्मृतिभ्रंश आहे, आणि स्वतःच्या हाताने दात घासू शकणारे थोडेच आहेत. कामाचा हेतू असा ठरला : प्रत्येक निवाशाचे तोंड रोज दोनदा नीट स्वच्छ व्हावे, तोंडातले दुखणे वेळेवर लक्षात यावे, आणि दंतवैद्याची गरज कोणाला आहे हे तक्रार येण्याआधीच समजावे.

दैनंदिन सेवेचे तक्ते चाळले. 'तोंडाची स्वच्छता' या रकान्यात सकाळ-संध्याकाळ सह्या आहेत, एकही जागा रिकामी नाही. त्यानंतर सकाळची सेवा आटोपल्यावर लगेच खोल्याखोल्यांतून जाऊन ब्रशांवरून बोट फिरवून पाहिले. बरेच ब्रश खडखडीत कोरडे होते. काहींचे केस कोऱ्या ब्रशासारखे ताठ होते, तर काहींचे पार फिसकटून बाहेर पसरलेले होते. काही खोल्यांत दोघांचे ब्रश एकाच पेल्यात उभे होते आणि कोणावरही नाव नव्हते. या सह्या खोटेपणाने केल्या जातात असे मला वाटत नाही. अंघोळ, कपडे, केस आणि तोंड हे सारे 'सकाळची सेवा' म्हणून एका दमात उरकले जाते, आणि सही त्या सगळ्याची मिळून होते. वेळ कमी पडला की त्यातले जे बाहेरून दिसत नाही ते गळते, आणि तोंड मिटलेले असले की आतले काहीच दिसत नाही. तेव्हा प्रकल्पाची प्रगती तक्त्यावरून न मोजता प्रत्यक्ष तोंड पाहून मोजायची, असे आजच ठरवून टाकले.

९ जानेवारी

पहिली तपासणी सुरू केली. त्यासाठी ऑस्ट्रेलियातील वृद्धसेवा केंद्रांत पडताळून घेतलेले आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेले 'ओरल हेल्थ असेसमेंट टूल' हे मूल्यांकन वापरत आहोत. दंतवैद्य नसलेल्या परिचारिकेलाही ते करता येते, हा त्याचा मोठा गुण आहे. ओठ, जीभ, हिरड्या व आतली त्वचा, लाळ, नैसर्गिक दात, कवळी, स्वच्छता आणि दुखणे अशा आठ बाबींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण द्यायचे असतात. गुण जितके जास्त तितकी अवस्था वाईट. साधने म्हणून हातमोजे, छोटी विजेरी आणि गाल बाजूला धरायला लाकडी पट्टी एवढी पुरतात.

पाहिलेल्यापैकी काही गोष्टी इथे सविस्तर लिहून ठेवणे आवश्यक वाटते. एका काकांच्या कागदांवर 'दात नाहीत' असा शेरा आहे आणि त्यामुळे त्यांच्या सेवेत ब्रशाचा समावेशच नव्हता. विजेरी लावून गाल बाजूला केला तेव्हा मागे डाव्या बाजूला दोन दाढांची मुळे हिरडीच्या पातळीला तुटून राहिलेली दिसली, आणि त्यांच्या शेजारची हिरडी सुजलेली होती. एका आजींची वरची कवळी काढायला बराच वेळ लागला, कारण ती कित्येक आठवडे काढलेलीच नसावी. कवळी निघाल्यावर टाळूवर अगदी तिच्याच आकाराचा लालभडक पट्टा दिसला आणि कवळीच्या आतल्या बाजूला पिवळट, चिकट थर होता. कवळीखाली वाढणाऱ्या बुरशीचे हे नेहमीचे रूप आहे. आजींनी कधी तक्रार केली नव्हती, कारण या प्रकारात पुष्कळदा दुखत नाही.

दातांच्या मुळांना लागलेली कीड अपेक्षेपेक्षा खूप जास्त आढळली. वयानुसार हिरड्या खाली सरकतात आणि दाताचे मूळ उघडे पडते. मुळावर वरच्या भागासारखे कठीण कवच नसते, त्यामुळे तिथे कीड लवकर शिरते आणि दात हिरडीच्या कडेशी गोल कापल्यासारखा पोखरला जातो. पूर्वी वृद्धांच्या तोंडात दातच कमी उरत, आता लोक स्वतःचे दात घेऊन म्हातारे होत आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र त्या दातांची निगा राखण्याचे काम वाढले आहे आणि सेवेची पद्धत अजून कवळीच्या काळातलीच आहे.

१५ जानेवारी

सेविका आणि परिचारिकांशी गटागटाने बोललो. कोणालाही दोष द्यायचा नाही, काय आडवे येते तेवढे सांगावे, असे सुरुवातीलाच स्पष्ट केले. पहिले कारण सर्वांनी एकमुखाने सांगितले : चावण्याची भीती. दुसरे कारण जरा संकोचाने पुढे आले. दुसऱ्याच्या तोंडात हात घालण्याची किळस वाटते, विशेषतः दुर्गंधी असेल तेव्हा. आणि जखमा, मलमूत्र, उलटी हे सारे निर्विकारपणे हाताळणाऱ्या अनुभवी सेविकांनी हे सांगितले, म्हणून मला ते फार महत्त्वाचे वाटते. जखम कशी बांधायची, बेडसोर (सतत पडून राहिल्याने होणारी जखम) कसा टाळायचा हे त्यांना कोणीतरी हातात हात धरून शिकवले आहे. तोंडाची सेवा मात्र 'दात घासणे तर सगळ्यांनाच येते' असे धरून कधी शिकवलीच गेली नाही. स्वतःचे दात घासणे आणि दुसऱ्याचे घासणे ही हाताची अगदी वेगळी कामे आहेत.

वेळेची अडचण अर्थातच आहे. शिवाय 'नको म्हणाले म्हणून सोडून दिले' हे वाक्य अनेकदा आले. एखाद्याने अंघोळीला नकार दिला तर थोड्या वेळाने पुन्हा विचारले जाते, औषधाला नकार दिला तर परिचारिकेला कळवले जाते. तोंडाच्या सेवेला दिलेला नकार मात्र अंतिम मानला जातो आणि कोठेही नोंदला जात नाही. हे बदलायला हवे, आणि त्यासाठी पैसा लागत नाही.

२२ जानेवारी

व्यवस्थापनापुढे प्रकल्पाची बाजू मांडायची असल्याने आधारभूत संशोधन पुन्हा नीट वाचले. तोंडातील जंतू लाळेबरोबर किंवा अन्नाबरोबर श्वासनलिकेत उतरून होणारा न्यूमोनिया हे वृद्धांच्या मृत्यूचे मोठे कारण आहे. जपानमधील ११ केंद्रांत दोन वर्षे चाललेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जेवणानंतर सेवकांनी दात घासून दिले आणि दंतवैद्य किंवा दंतआरोग्यसेवक आठवड्याला येत राहिले त्या गटात ११ टक्के लोकांना न्यूमोनिया झाला, तर नेहमीच्याच पद्धतीने राहिलेल्या गटात १९ टक्के लोकांना. हा आकडा सगळीकडे उद्धृत होतो आणि तो प्रभावी आहेच. पण त्यानंतरचे निष्कर्ष इतके सरळ नाहीत. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात ३६ केंद्रांतील ८३४ निवाशांवर दात घासणे, क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाची चूळ आणि जेवताना सरळ बसवणे अशी एकत्रित उपाययोजना तपासली गेली. फायद्याची शक्यता दिसेना म्हणून ती चाचणी मध्येच थांबवावी लागली आणि २०१५ मध्ये तसे प्रसिद्ध झाले. नॉर्थ कॅरोलायनातील १४ केंद्रांच्या २०२० सालच्या अभ्यासात पहिल्या वर्षी न्यूमोनिया घटल्याचे दिसले, मात्र दोन वर्षांचा हिशेब केल्यावर तो फरक टिकला नाही.

काही सहकाऱ्यांचे मत पडले की व्यवस्थापनाला फक्त जपानचा आकडा दाखवावा. मी त्याला नकार दिला. न्यूमोनिया कमी होण्याच्या आश्वासनावर हा प्रकल्प उभा केला आणि वर्षभरात तसे दिसले नाही, तर तोंडाची सेवाच निरुपयोगी ठरवली जाईल. दातदुखी असलेल्या, ती सांगता न येणाऱ्या माणसाला वेदनेतून सोडवणे, त्याला चावून खाता येणे, त्याच्या तोंडाला वास न आल्यामुळे नातवंडांनी जवळ बसणे, ही कारणे स्वतःच पुरेशी आहेत. प्रस्तावात तिन्ही अभ्यास लिहिले आणि आमचे उद्दिष्ट स्वच्छता, वेदनामुक्ती व आहार एवढेच ठेवले. नॉर्थ कॅरोलायनाच्या निष्कर्षातून मी एक अर्थ घेतो : सुरुवातीचा उत्साह ओसरल्यावर सेवा टिकवणे हाच खरा अवघड भाग आहे.

२९ जानेवारी

साहित्य ठरले. ब्रश लहान डोक्याचा आणि मऊ केसांचा, प्रत्येकावर नाव, केस फिसकटले की बदलायचा. ज्यांची पकड कमजोर आहे पण हात चालतो, त्यांच्या ब्रशाची मूठ जाड करून द्यायची. पेस्ट फ्लोराइडची, आणि वाटाण्याएवढीच. नेहमीच्या पेस्टमध्ये साधारण १००० ते १५०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) फ्लोराइड असते. मुळांना कीड लागलेल्यांसाठी ५००० पीपीएमची पेस्ट दंतवैद्यांच्या चिठ्ठीने मागवायची आहे. घासून झाल्यावर फेस थुंकायचा, पाण्याने चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहते. आयुष्यभर खळखळून चूळ भरलेल्या माणसांना हे विचित्र वाटते, तेव्हा जे ऐकणार नाहीत त्यांच्याशी वाद घालायचा नाही.

काड्यांवरचे स्पंजचे बोळे बंद केले. त्यांनी दातांवरचा थर निघत नाही आणि चावल्यास स्पंज सुटून घशात अडकण्याचा धोका असतो. लिंबू-ग्लिसरीनचे बोळेही कपाटातून काढून टाकले, कारण त्यांनी तोंड आणखी कोरडे पडते.

५ फेब्रुवारी

प्रशिक्षण झाले. व्याख्यान मुद्दाम थोडक्यात आटोपले आणि सर्वांना जोड्या करून एकमेकांचे दात घासायला लावले. ज्यांचे दात घासले गेले त्यांना काही गोष्टी लगेच समजल्या : समोरून उभे राहून कोणी ब्रश तोंडात घातला की अंगावर आल्यासारखे वाटते, डोके मागे झुकले की फेस घशात उतरतो, आणि न सांगता ब्रश मागच्या दाढेपर्यंत नेला की उमासा येतो. यातून उभे राहण्याची रीत आपोआप ठरली. निवासी खुर्चीत सरळ बसलेले, हनुवटी किंचित खाली, सेविका बाजूला किंवा थोडी मागे, एक हात हनुवटीच्या आधाराला आणि त्याच हाताच्या बोटाने गाल हलकेच बाजूला. ब्रश हिरडी आणि दात जिथे मिळतात त्या रेषेवर तिरका धरून छोट्या छोट्या हालचालींनी फिरवायचा. हिरडीतून रक्त आले की सेविका घाबरून थांबतात. वास्तविक साचलेल्या थरामुळे सुजलेली हिरडीच रक्त सोडते, आणि हळुवारपणे रोज घासत राहिले की काही दिवसांत ते कमी होते. रक्त थांबत नसेल, किंवा निवासी रक्त पातळ करणारे औषध घेत असतील, तर परिचारिकेला सांगायचे.

१२ फेब्रुवारी

आज केवळ कवळ्यांचे काम केले. रात्री कवळी काढून ठेवायची, हा नियम केला. जपानमध्ये ८५ वर्षांपुढील ५२४ लोकांच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका दुपटीहून अधिक आढळला होता, हे सर्वांना सांगितले. स्वच्छता मऊ ब्रश आणि साध्या साबणाने करायची, टूथपेस्टने कवळीवर चरे पडतात आणि त्यांत जंतू राहतात. गरम पाणी वापरायचे नाही, कवळीचा आकार बिघडतो. खाली पाण्याने भरलेले भांडे ठेवायचे, म्हणजे हातातून निसटली तरी फुटणार नाही. कवळी काढल्यावर टाळू, हिरड्या आणि जीभही मऊ ब्रशाने पुसायची, हा भाग नेहमी राहून जातो.

काही आजींनी रात्री कवळी काढायला स्पष्ट नकार दिला. कवळीशिवाय कोणी पाहू नये, ही त्यांची लाज समजण्यासारखी आहे. त्यांच्यासाठी दिवे मालवण्याच्या अगदी आधी कवळी काढायची आणि सकाळी पडदा उघडण्याआधी द्यायची, असे ठरले. तरीही ज्यांना नकोच असेल त्यांनी दिवसा दुपारच्या विश्रांतीत काही तास काढून ठेवावी, एवढी तडजोड मान्य केली.

२१ फेब्रुवारी

प्रकल्पाचा सर्वांत कठीण भाग आज हाती घेतला : स्मृतिभ्रंश असलेल्या आणि तोंड उघडू न देणाऱ्या निवाशांची सेवा. त्यांच्या बाजूने पाहिले तर विरोध समजतो. अनोळखी वाटणारे माणूस घाईने जवळ येते आणि एक कडक वस्तू तोंडात सारते. तोंड घट्ट मिटणे, डोके वळवणे, हात झटकणे हे त्यावरचे स्वाभाविक संरक्षण आहे. तेव्हा आधी धोका वाटणेच कमी करायचे. समोरून, नजरेच्या पातळीवर येऊन, त्यांच्या सवयीच्या संबोधनाने हाक मारायची. एका वेळी एकच लहान वाक्य बोलायचे. बाळाशी बोलावे तसे लाडे लाडे बोलणे टाळायचे, कारण त्याने विरोध वाढतो, हे अभ्यासांत दिसले आहे आणि आमच्याही लगेच लक्षात आले.

ज्या युक्त्या उपयोगी पडल्या त्या अशा. निवाशांच्या हातात एक ब्रश द्यायचा आणि सेविकेने दुसऱ्याने घासायचे. हात गुंतल्याने झटकणे थांबते आणि काय चालले आहे हे हाताला समजते. काहींच्या बाबतीत ब्रश त्यांच्याच हातात देऊन त्यावर आपला हात ठेवला आणि पहिले दोन-चार फेर दिले की जुनी सवय जागी होते आणि पुढचे ते स्वतः करतात. एक माजी शिक्षिका आजी पलंगावर असताना ओठही विलग करत नव्हत्या. त्यांना चालवत हात धुण्याच्या बेसिनपाशी नेले, आरशासमोर उभे केले, नळ थोडा सोडला आणि ब्रश शेजारी नुसता ठेवला. त्यांनी आरशात पाहिले, पदर सावरला, ब्रश उचलला आणि पुढचे दात घासायला सुरुवात केली. मागच्या दाढा सेविकेने करू का असे विचारल्यावर त्यांनी मान हलवून तोंड उघडले. पलंगावर दात घासणे त्यांच्या आयुष्यात कधीच नव्हते, बेसिन होते.

बळजबरी कोणत्याही परिस्थितीत करायची नाही, हे लेखी घातले. जमले नाही तर थांबायचे, अर्ध्या-एक तासाने किंवा दुसऱ्या सेविकेने पुन्हा जायचे, आणि नकार नोंदवायचा. आज वरचे दात, उद्या खालचे, असेही चालेल. एखाद्या निवाशाचा विरोध अचानक वाढला तर तो स्वभाव न समजता आधी विजेरी घेऊन तोंड पाहायचे.

१ मार्च

औषधांच्या यादीचा आढावा डॉक्टरांबरोबर घेतला. नैराश्यावरील, ॲलर्जीवरील, लघवीच्या तक्रारींवरील आणि लघवीवाटे पाणी काढणाऱ्या अनेक औषधांनी लाळ कमी होते, आणि बहुतेक निवासी त्यांतली एकाहून अधिक घेतात. लाळ नसली की कीड वाढते, कवळी टोचते, कोरडे अन्न गिळवत नाही. काहींची औषधे डॉक्टरांनी बदलली किंवा कमी केली. बाकीच्यांसाठी वरचेवर पाण्याचे घोट, ओठांना पाण्यात विरघळणारे मलम आणि कृत्रिम लाळेचे जेल. ऑक्सिजन चालू असलेल्यांच्या ओठांना पेट्रोलियम जेली लावायची नाही, ती ज्वलनशील आहे.

११ मार्च

गिळण्याचा त्रास असलेल्यांसाठी वेगळी पद्धत लिहिली : फेस न करणारी पेस्ट अगदी थोडी, ब्रश जवळजवळ कोरडा, चूळ नाही, उरलेला ओलावा ओल्या कापडाने टिपून घेणे किंवा सक्शनच्या नळीने ओढून घेणे. नळीने अन्न घेणाऱ्यांचे तोंड वापरात नसल्याने स्वच्छच असेल, हा समज आजही ऐकला. खरे तर चावण्याने आणि लाळेने होणारी नैसर्गिक सफाई तिथे थांबलेली असते, आणि वाळलेल्या स्रावाची खपली टाळूला चिकटते. या निवाशांचे तोंड सर्वांत आधी पाहायचे.

८ एप्रिल

दुसरी तपासणी केली. सकाळची सेवा स्पष्टपणे सुधारली आहे. ब्रश ओले सापडतात, हिरड्यांची सूज पुष्कळांची उतरली आहे, टाळूवरचे लाल पट्टे बुरशीविरोधी औषध आणि रात्री कवळी काढणे यांमुळे फिके पडले आहेत. रात्रीची सेवा मात्र कमकुवत आहे. झोपताना लाळ कमी होते, म्हणून रात्रीची स्वच्छता सकाळच्यापेक्षा महत्त्वाची. पण त्याच वेळी पाळी बदलते आणि सगळ्यांना एकदम अंथरुणावर घ्यायचे असते. उपाय म्हणून रात्रीच्या जेवणानंतर लगेच, निवासी अजून खुर्चीत असतानाच, दात घासून घ्यायचे ठरले. त्यानंतर खाणे द्यायचे नाही, आणि झोपेच्या गोळ्या साखरेच्या गोड पाकातून देणेही बंद. प्रत्येक पाळीत एका सेविकेकडे ही जबाबदारी नावानिशी असेल. सर्वांचे म्हणून सोपवलेले काम कोणाचेच राहत नाही.

ज्या काकांच्या दोन मुळांविषयी जानेवारीत लिहिले होते, त्यांची मुळे दंतवैद्यांनी काढली. ते हाडे ठिसूळ होण्यावरील औषध घेत नाहीत याची आधी खात्री करून घेतली, कारण त्यातील काही औषधांमुळे दात काढल्यावर जबड्याचे हाड भरून न येण्याचा धोका असतो. संध्याकाळी त्यांचे ओरडणे हे स्मृतिभ्रंशाचे लक्षण समजून शांत करणाऱ्या गोळ्या चालू होत्या. जखम भरल्यानंतर ओरडणे जवळजवळ थांबले आहे आणि गोळ्या कमी करण्याचा विचार डॉक्टर करत आहेत. इतर किती जणांच्या 'वागणुकीच्या' नोंदींमागे दुखणारा दात असेल, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. वेदना सांगता न येणाऱ्या सर्वांची नावे वेगळी काढून त्यांची तपासणी दंतवैद्यांच्या पुढच्या भेटीत आधी ठेवली आहे.

२२ एप्रिल

दंतवैद्यांची भेट. ज्यांना खुर्चीत फार वेळ बसवत नाही त्यांच्या किडलेल्या मुळांवर ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे कीड थांबवणारे द्रव औषध लावले. इंजेक्शन नाही, ड्रिल नाही, काही मिनिटांचे काम; कीड थांबते, पण तो भाग कायमचा काळा पडतो. म्हणून आधी निवाशांना, आणि त्यांना निर्णय घेता येत नसेल तिथे कुटुंबीयांना, काळ्या पडलेल्या दातांचे छायाचित्र दाखवून संमती घेतली. समोरच्या दातांसाठी एका मुलीने नकार दिला, 'आईला आरशात पाहायला आवडते' असे कारण सांगून. तो मान्य करून तिथे ५००० पीपीएमची पेस्ट आणि तीन महिन्यांनी फेरतपासणी ठरवली.

एका निवाशाच्या जिभेच्या कडेवरचा व्रण दोन आठवड्यांनंतरही भरलेला नाही. तो रोजच्या तपासणीत सेविकेनेच टिपला होता. तज्ज्ञांकडे पाठवले.

१३ मे

प्रवेशाच्या कागदपत्रांत तोंडाच्या तपासणीचे पान आजपासून जोडले. ब्रिटनमधील नाइस (आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शक सूचना काढणारी संस्था) हिच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांतही निवासी केंद्रात राहायला येताच त्यांच्या तोंडाच्या सेवेची गरज पाहावी असे सांगितले आहे. पानावर आठ बाबींच्या गुणांखेरीज काही साधे प्रश्न आहेत : घरी दात कुठे आणि केव्हा घासत होते, कवळी केव्हापासून आहे, रात्री काढतात का, शेवटचे दंतवैद्याकडे केव्हा गेले होते, तोंडाला हात लावलेला चालतो का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कुटुंबीय घरून निघण्यापूर्वीच विचारून घ्यायचे, कारण ती सवय पुढे सेविकेच्या हाताशी येणारी सर्वांत उपयुक्त माहिती असते. नव्या सेविकांना रुजू होण्याच्या पहिल्याच आठवड्यात जोडीने दात घासण्याचे प्रशिक्षण मिळेल आणि ते जुन्या सेविकाच देतील.

आज दाखल झालेल्या आजींची तपासणी याच पानावर झाली. खालची कवळी सैल आहे, ओठांचे दोन्ही कोपरे चिरले आहेत, आणि घरी त्या अंगणातल्या नळावर उभ्याने दात घासत. कवळीसाठी दंतवैद्यांच्या यादीत नाव घातले, कोपऱ्यांसाठी डॉक्टरांना कळवले, आणि सकाळी त्यांना बेसिनपाशी उभे राहण्यासाठी आधाराचा कठडा बसवण्याची विनंती देखभाल विभागाकडे दिली आहे.